काठावरच्या उत्तरपत्रिका : माझा संशोधनाचा अनुभव

मी संशोधनाकडे वळले ते एका फेरतपासणीमुळे. प्रमाणपत्र परीक्षेची एक उत्तरपत्रिका मी तपासली होती आणि १०० पैकी ४८ गुण दिले होते. पास व्हायला ५० लागत. विद्यार्थिनीने अर्ज केला, पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे गेला आणि ५३ होऊन परत आला. तिला प्रमाणपत्र मिळालं, प्रकरण मिटलं. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. मी घाईत पेपर उरकणारी नाही. प्रत्येक उत्तर दोनदा वाचायचं, बेरीज तीनदा करायची, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. तरीही पाच गुणांचा फरक पडला होता. आणि त्याच गठ्ठ्यात ४६, ४७, ४९ गुणांचे आणखी कितीतरी पेपर होते, ज्यांच्यासाठी कुणी अर्ज केला नव्हता.

पहिला आराखडा मी तावातावाने लिहिला. विषय होता, ‘परीक्षा न्याय्य असतात का?’ मार्गदर्शक मॅडमनी दोन पानं वाचली आणि विचारलं, “हा प्रश्न आहे की तक्रार?” मला उत्तर देता आलं नाही. त्या म्हणाल्या, “तक्रार खरी असेल. पण मोजता येईल असं काहीतरी विचारा.” चार महिने मी आराखडा लिहीत आणि फाडत होते. शेवटी दोन प्रश्न उरले. पासच्या रेषेजवळच्या उत्तरपत्रिकांचा निकाल परीक्षक बदलला की किती वेळा बदलतो? आणि ती रेषा मुळात तिथेच का आखली आहे?

या विषयात काम करायचं असणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की आधी जुनं वाचा. मला वाटत होतं माझी शंका नवी आहे. १८८८ मध्ये एजवर्थ या संख्याशास्त्रज्ञाने परीक्षांच्या गुणांमधला योगायोगाचा भाग मोजून दाखवला होता. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभराहून जास्त शिक्षकांना पाठवल्या, तर १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण आले. लोक म्हणाले, भाषेचा पेपर आहे, असं होणारच. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला. त्यात फरक आणखी वाढला, कारण उत्तर चुकलं पण रीत बरोबर असेल तर किती गुण द्यायचे, आकृती गबाळी असेल तर कापायचे की नाही, यावर प्रत्येकाचं मत वेगळं होतं.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते हार्टॉग आणि ऱ्होड्स या ब्रिटिश संशोधकांच्या १९३५ च्या कामाने. त्यांनी इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका घेतल्या, मूळ परीक्षेत सगळ्यांना सारखेच गुण मिळालेल्या. १४ परीक्षकांनी त्या तपासल्या. वर्ष-दीड वर्ष मध्ये जाऊ दिलं आणि त्याच परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा दिल्या. एकूण २१० निर्णयांपैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच आधीचा निर्णय बदलला. दोन माणसांची मतं जुळत नाहीत हे आपण मान्य करतो. पण माणूस स्वतःशीच जुळत नाही? हे वाचून मी त्या रात्री पुढे काही वाचलं नाही.

परवानग्यांत सात महिने गेले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने आधी नकार दिला, मग अटी घातल्या. नावं, बैठक क्रमांक, हस्ताक्षरातून ओळख पटेल असा मजकूर, सगळं काढून सांकेतिक क्रमांक द्यायचे आणि ती यादी माझ्याकडे राहणार नाही. हे सगळं योग्यच होतं. खरी कसोटी लागली ती नैतिकता समितीपुढे. एका सदस्यांनी विचारलं, “नापास झालेला एखादा विद्यार्थी पास व्हायला हवा होता असं तुम्हाला दिसलं, तर तुम्ही काय करणार?” फेरतपासणीची मुदत संपलेल्या सत्राच्याच उत्तरपत्रिका मला मिळणार होत्या. म्हणजे कायद्याने काहीच करता येणार नव्हतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, “कायद्याचं नाही विचारलं.” अखेर असं ठरलं की निष्कर्ष संस्थेला लेखी द्यायचे आणि पुढच्या सत्रांसाठी शिफारस करायची. आराखडा मंजूर झाला, पण त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

मग प्रत्यक्ष काम. ४० ते ६० गुणांमधल्या ६० उत्तरपत्रिका, सहा अनुभवी परीक्षक. आधीच्या परीक्षकाचे लाल शेरे आणि गुण पुसलेल्या प्रती काढाव्या लागल्या, कारण जुना आकडा दिसला की डोळा तिकडेच ओढला जातो. पुसण्याचं काम मी स्वतः केलं, पान न् पान. समासातली एक बरोबरची खूण राहिली तरी पुढच्याला इशारा मिळतो.

गुण येऊन पडले तेव्हा पहिला घोळ मीच घातला. निकाल किती टक्के वेळा जुळला ते काढलं आणि आकडा बरा दिसला म्हणून खूश झाले. मॅडमनी कागद परत केला आणि म्हणाल्या, “यातून योगायोग वजा करा.” समजा, दोन परीक्षक प्रत्येकी ८० टक्के पेपर पास करतात. दोघांनी पेपर न वाचता नुसतेच शिक्के मारले तरी ६४ टक्के पेपर दोघांकडे पास आणि ४ टक्के दोघांकडे नापास होतील, म्हणजे ६८ टक्के निकाल आपोआप जुळेल. आता खरी जुळणी ८४ टक्के असेल, तर योगायोगापलीकडे मिळवण्यासारखे ३२ होते, त्यातले १६ मिळाले. निम्मेच. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘काप्पा’ हाच हिशेब करतो, आणि इथे तो ०.५ येतो. ८४ टक्के ऐकताना मन निवांत होतं, ०.५ ऐकल्यावर होत नाही. दोन्ही आकडे एकाच गठ्ठ्याचे.

पण आकड्यांपेक्षा मला एक उत्तर जास्त आठवतं. प्रश्न होता, दोरीवरचं ओलं कापड वारा असताना लवकर का वाळतं? गुण ४. विद्यार्थ्याने दोन ओळी लिहिल्या होत्या : ‘कापडाजवळची हवा ओली होते. वारा ती हवा नेतो आणि कोरडी हवा आणतो, म्हणून पाणी पटापट उडत राहते.’ एका परीक्षकाने ४ दिले, दुसऱ्या बाईंनी १. मी दोघांना समोरासमोर बसवलं. बाई म्हणाल्या, “बाष्पीभवन हा शब्दच नाही. नमुना उत्तरात त्याला दोन गुण आहेत, आर्द्रतेला एक.” सर म्हणाले, “अहो, पण शब्द नसताना त्याने गोष्ट सांगितली आहे. शब्द लिहून गोष्ट न कळलेले किती पेपर तपासले आपण?” बाई थोडा वेळ उत्तराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “कळलंय त्याला. मला दिसतंय. पण मी ४ दिले आणि उद्या दुसऱ्या कुणी नमुना उत्तर धरून १ दिला, तर?” दोघंही प्रामाणिक होते. पेपर तपासण्यात हयगय होते म्हणून फरक पडतो, हा माझा समज त्या दुपारी गळून पडला. ही परीक्षा विज्ञान कळणं मोजते की विज्ञानाची भाषा येणं, हे प्रश्न काढणाऱ्याने ठरवलंच नव्हतं. ते न ठरवता परीक्षकांच्या कितीही कार्यशाळा घेतल्या तरी हे उत्तर एकाकडे ४ आणि दुसरीकडे १ च मिळवणार. गुण सगळीकडे सारखे येणं म्हणजे विश्वसनीयता, आणि जे मोजायचं तेच मोजलं जाणं म्हणजे सप्रमाणता. पुस्तकात ही दोन वेगळी प्रकरणं असतात. त्या दोन ओळींत ती एकमेकांत गुंतून समोर आली होती.

याच टप्प्यावर मॅडमनी मला आणखी एक काम दिलं, प्रबंधासाठी नव्हे तर माझ्यासाठी. साठांपैकी १२ उत्तरपत्रिका मूळ मीच तपासलेल्या होत्या, दोन वर्षांपूर्वी. त्यांच्या गुण पुसलेल्या प्रती त्यांनी मला दिल्या. एकही आठवत नव्हती. तीन संध्याकाळी बसून तपासल्या, नेहमीपेक्षाही सावकाश. मग मॅडमनी जुने गुण शेजारी मांडले. चार ठिकाणी माझा स्वतःचा निकाल बदलला होता, तीन नापासचे पास आणि एक पासचा नापास. हार्टॉग आणि ऱ्होड्स यांच्या आकड्याने हादरले होते ती मी आता त्या आकड्यातच बसले होते. त्या तिघांना मी ओळखत नाही, ओळखू शकणारही नाही. समितीतल्या त्या सदस्यांचा प्रश्न मला तेव्हा नीट ऐकू आला.

दुसरा प्रश्न रेषेचा. ५० च का, हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी ‘पहिल्यापासून आहे’ एवढंच सांगितलं. म्हणून आठ शिक्षकांना बोलावून आम्ही अँगॉफ पद्धतीने रेषा ठरवून पाहिली. विल्यम अँगॉफ यांनी १९७१ मध्ये एका मोठ्या प्रकरणात ही कल्पना मांडली. आज जगभर जी रीत वापरतात ती तर त्यांनी तळटीपेत नोंदवली होती. प्रत्येक प्रश्न घ्यायचा आणि विचारायचं, जेमतेम पात्र असे १०० विद्यार्थी असतील तर त्यांतल्या कितींना हा प्रश्न सुटेल? सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी काढून बेरीज केली की रेषा मिळते.

ऐकायला सोपं वाटतं. पण जेमतेम पात्र म्हणजे कोण, यावरच अख्खी सकाळ गेली. एक जण हुशार विद्यार्थीच डोळ्यांपुढे आणत होते. एक बाई प्रत्येक प्रश्नाला ९० लिहीत होत्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, “एवढं तर यायलाच हवं.” यायला हवं आणि येईल, या दोन शब्दांवर आम्ही पुन्हा पाऊण तास बोललो. दुपारी पहिली फेरी झाल्यावर मी खऱ्या परीक्षेची आकडेवारी दाखवली, कोणता प्रश्न किती जणांना सुटला होता ती. खोलीत शांतता पसरली. सगळ्यांनी सोपा ठरवलेला एक प्रश्न बहुतेकांना सुटलाच नव्हता. दुसऱ्या फेरीत अंदाज जवळ आले. शेवटी एका पेपरची रेषा ५० च्या खाली आली आणि दुसऱ्याची वर. म्हणजे अवघड पेपर आलेल्या सत्रात ५० च्या नियमाने पात्र विद्यार्थी अडवले जात होते आणि सोप्या पेपराच्या सत्रात अपात्र सुटत होते. ही पद्धत निर्दोष नाही. माणसं बदलली की रेषाही थोडी हलते. पण ती का आणि कशी आखली हे लिहून ठेवता येतं, विचारलं तर सांगता येतं. ‘पहिल्यापासून आहे’ला तेही करता येत नाही.

प्रबंधातलं सगळ्यात उपयोगाचं पान मला मापनाच्या प्रमाण त्रुटीचं वाटतं, म्हणजे मिळालेले गुण खऱ्या पातळीपासून साधारण किती इकडेतिकडे असू शकतात याचं. गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे सगळ्यांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, १२ असेल आणि ० ते १ मध्ये मोजलेली विश्वसनीयता ०.८४, तर १ मधून ०.८४ वजा करा, वर्गमूळ घ्या, १२ ने गुणा. उत्तर ४.८, म्हणजे जवळपास ५ गुण. ४८ गुणांच्या विद्यार्थ्याची खरी पातळी ४३ ते ५३ मध्ये कुठेही असू शकते, आणि तरीही तीनांतून एकदा ती याच्याही बाहेर असेल. ०.८४ ही काही वाईट विश्वसनीयता नव्हे. चांगल्या परीक्षेतही एवढी धूसरता असते. गुणपत्रिकेवर मात्र ४८ असं छापलेलं असतं, जणू काट्यावर वजन केलं आहे.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “मग रेषा आखूच नये असं तुमचं म्हणणं आहे का?” मी म्हटलं, नाही. प्रमाणपत्र बघून कुणी त्या माणसावर काम सोपवतं, तेव्हा कुठेतरी हो किंवा नाही म्हणावंच लागतं. पण रेषेच्या एका प्रमाण त्रुटीच्या आत जे आहेत त्यांचा पेपर निकाल लागण्याआधी दुसऱ्या परीक्षकाने वाचावा, अर्जाची वाट न बघता. कारण अर्ज तोच करतो ज्याला अर्ज करता येतो हे माहीत असतं आणि शुल्क परवडतं. त्यांनी खर्चाचं विचारलं. काठावरचेच पेपर दुसऱ्यांदा वाचायचे असल्याने काम किती वाढेल, याचा तक्ता मी जोडलेला होता. ते पान त्यांनी बराच वेळ वाचलं.

संस्थेने शिफारस एका विषयापुरती मान्य केली आहे. आता दर सत्रात माझ्याकडे एक वेगळा गठ्ठा येतो, सांकेतिक क्रमांकांचा, आधीचे गुण नसलेला. पहिल्या परीक्षकाने पास केलं की नापास, मला माहीत नसतं. दोन निकाल वेगळे आले तर पेपर तिसऱ्याकडे जातो. बाकीच्या विषयांसाठी माझं दुसरं पत्र गेलं आहे, त्यासोबत त्या कापडाच्या उत्तराची प्रत जोडली आहे आणि शेजारी दोन्ही परीक्षकांचे गुण लिहिले आहेत.