तेराव्या महिन्यातले दोन दिवस

'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण ज्याने काढली तो सोलापूरकडचाच असणार, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. यंदा तो महिना आला. अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून. चांद्रवर्ष 354 दिवसांचं, सौरवर्ष 365 दिवसांचं. दरवर्षी मागे पडणारे अकरा दिवस साठत साठत बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी त्यांचा अख्खा महिना होतो आणि पंचांगवाले तो वर्षात बसवून टाकतात. शाळेत हे मी फळ्यावर मांडून दाखवते. ते जास्तीचे दिवस कुणाच्या वाट्याला जातात, हे मात्र आजवर एकाही पोराने विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. माझा हिशेब साधा होता. महिना फुकट मिळतोय, त्यातले दोन दिवस मला द्या. वासोट्याला जायचंय.

वासोटा हा किल्ला कोयनेच्या जंगलात आहे. साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीत उतरायचं, तिथून शिवसागराच्या पाण्यावरून दीडेक तास लाँचने पलीकडे मेट इंदवलीला जायचं. तिथे आता गाव नाही, कोयना धरण झालं तेव्हा ते उठलं. वनखात्याच्या चौकीत नावं लिहायची, प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून दाखवायच्या आणि मग गड चढायचा. मुक्कामाला परवानगी नाही, उजेड आहे तोवर खाली यायचं. म्हणजे सोलापूरच्या माणसाने आदल्या दिवशी निघून बामणोलीत झोपायचं. झाले दोन दिवस.

सव्वीस वर्षं मी इतिहास शिकवतेय. ताई तेलिणीने वासोट्यावरून पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांना महिनोन् महिने कसं झुंजवलं, हे सांगताना माझा आवाज चढतो आणि शेजारच्या वर्गातून गणिताच्या बाई डोकावतात. पण स्वतःच्या पायाने चढलेले किल्ले मोजायला एक हात पुरे. त्यातही आमचा भुईकोट धरायचा की नाही हा प्रश्नच आहे. त्याला चढ नाही.

शहाणी माणसं वासोट्याला थंडीत जातात. आमचाही डिसेंबर ठरला होता. डिसेंबरात लेकीचं लग्न निघालं. जानेवारीत गड्डा. सिद्धेश्वराची यात्रा टाकून सोलापूरचा माणूस परगावी गेला तर लोक त्याच्या घरी विचारपूस करायला येतात. फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या पेपरांत गेले. आणि अधिकात लग्नं लागत नाहीत, म्हणून यच्चयावत लग्नं 17 मेच्या आत उरकायची घाई! एका आठवड्यात पाच अक्षता टाकल्या आम्ही. पाचव्या लग्नात तर नवरा कुठला आणि करवला कुठला हे बघायचंही त्राण नव्हतं. पुढे पावसाळा लागला की वनखातं जंगलाची वाट बंद करतं, ती पार दिवाळीच्या सुमाराला उघडते. म्हणजे उरला हा अधिक महिनाच.

आणि अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, हे मी विसरले होते असं नाही. मी ते मोजलं नव्हतं. कॅलेंडर घेऊन बसले तेव्हा कळलं की आमच्या घराला तीन जावई लागू होतात. पहिले आमचे हे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, केस गेले, पण बार्शीला माझ्या आईच्या लेखी ते अजून नवे जावईच. दुसरे नणंदेचे यजमान. ते सासूबाईंचे जावई, लातूरहून येणार. तिसरा माझा स्वतःचा जावई, पुण्याचा, आणि त्याचा हा पहिलाच धोंडा. तो बिचारा फोनवर म्हणाला, "आई, धोंडा वगैरे कशाला?" ते ऐकून सासूबाईंनी दोन दिवस पुण्याच्या पाण्याला नावं ठेवली. तीन जावई, तीन शनिवार-रविवार. 23-24 मे बार्शी, 30-31 मे लातूरकर, 6-7 जून पुणेकर. राहिले 13 आणि 14 जून. पंधराला शाळा.

तारीख सापडल्यावर मी त्या चौकोनांवर पेन्सिलीने बारीक 'वा' लिहिलं. पेनने लिहायची हिंमत झाली नाही.

मग पाण्याचा हिशेब. आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येतं. बाहेरगावच्या लोकांना हे सांगितलं की ते कळवळतात, पण आमचं कॅलेंडर त्यावरच चालतं. कोण कधी बाळंत झाली हेही आमच्याकडे 'पाण्याच्या आदल्या दिवशी' असं लक्षात राहतं. 4 जूनला येणार, मग 9, मग 14. पहाटे पाचला, रविवारी. नेमकं मी कोयनेच्या पाण्यावर असताना इकडे नळ सुटणार. घरात पिंपं किती, टाकीचा व्हॉल्व कुठला, मोटर किती वेळ चालवायची, हे सगळं माझ्या डोक्यात. ह्यांच्यासाठी मी ते कागदावर लिहून काढलं तर दोन पानं झाली. ह्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, "हे सगळं तू रोज करतेस?" "चार दिवसांआड," मी म्हटलं.

सासूबाईंचं मत आधीपासून स्वच्छ होतं. "त्या डोंगरात काय ठेवलंय गं तुझं? जंगलच बघायचं तर नान्नजला जा की. सकाळी जाऊन जेवायला परत." नान्नज आमच्यापासून वीसेक किलोमीटर, बार्शी रस्त्यावर. माळढोकासाठी 1979 मध्ये राखलेलं अभयारण्य. मी तिथे कितीदा तरी गेलेय. काळविटांचे कळप बघितलेत, एकदा संध्याकाळी लांडगाही दिसला, वळून बघत बघत निवांत गेला. माळढोक मात्र एकदाही नाही, आणि आता दिसेल अशी आशाही कुणी देत नाही. मला माळ आवडतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण आयुष्यभर क्षितिजापर्यंत सगळं उघडं बघितलेल्या बाईला एकदा तरी वर पाहिल्यावर आभाळ दिसू नये असं वाटतं. हे सासूबाईंना कसं सांगायचं? मी म्हटलं, "तिथे सावली असते." ते त्यांना पटलं.

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मेच्या शेवटी ठरलं होतं. लग्नातले पाच जिलेबीचे प्रसंग रक्तात उतरले होते. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी पुढे ढकललं. नवी तारीख 8 जून. पुढे काही दिवस डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब, डोक्यावरून अंघोळ नाही, वाकायचं नाही. मी गुपचूप खोडरबर घेतलं आणि कॅलेंडरपाशी गेले. ह्यांनी ते बघितलं. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी उशीवर डोकं ठेवून मला म्हणाले, "थेंब घालायचे कसे ते दाखव." मी साध्या पाण्याने प्रात्यक्षिक केलं. मग माझ्या डोळ्यांवर त्यांनी सराव केला. पहिले थेंब गालावर, दुसरे कानात. चौथ्या दिवशी नेम बसला. एवढ्या जवळून आम्ही एकमेकांकडे कधी बघितलं होतं ते आठवेना.

निघणार होतो चौघी. त्यातल्या एकीची सून सातव्या महिन्यात, दुसरीचा गुडघा. चित्रकलेच्या बाई आणि मी अशा दोघी उरलो. लाँच अख्खी ठरवावी लागते. त्यात दहा बसा नाहीतर दोघी, भाडं तेच. बाईंनी थोडा विचार करून सांगितलं, "एक पैठणी कमी घेतली असं समजू." सराव म्हणून आम्ही सुट्टीतल्या रिकाम्या शाळेचे जिने चढत होतो, पाठीवर जुन्या उत्तरपत्रिकांचं दप्तर घेऊन. सोलापुरात दुसरा चढ आणायचा कुठून? तिसऱ्या दिवशी शिपाईमामांनी विचारलं, "बाई, काही हरवलंय का?"

मृग लागला तशी एक वेगळीच अडचण सुरू झाली. या दिवसांत इथला प्रत्येक माणूस आभाळाकडे डोळे लावून असतो. उजनी धरणाचा साठा प्लसमध्ये की मायनसमध्ये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मी मोबाइलवर दिवसातून सहा वेळा साताऱ्याचं हवामान बघून म्हणत होते, थांब रे बाबा, चौदापर्यंत थांब. सोलापूरच्या माणसाने पाऊस लांबावा म्हणणं यासारखं पाप नाही. शेवटी देवापुढे तडजोड केली: साताऱ्याला वगळून थेट आमच्याकडे ये. ढगांची वाट आधी सह्याद्रीवरूनच येते हे भूगोलाच्या बाईंना विचारायची गरज नव्हती, पण देवाला कुठे भूगोल असतो!

काल रात्री लाँचवाल्यांचा फोन आला. पाऊस अजून लागलेला नाही, दोन वळीव झालेत, या. "पण ताई, पाणी लई खाली गेलंय. लाँच कडेपर्यंत जात नाही. पलीकडं उतरल्यावर धरणाच्या उघड्या पोटातनं बरंच चालावं लागतंय, ऊन असतंय, गाळ असतोय. थंडीत आला असता तर दारात उतरवलं असतं." मग जरा थांबून, "चालाल ना तेवढं?"

"चालेन," मी म्हटलं. सगळं भरलेलं असताना जे पाण्याखाली असतं, त्यावरून चालत जायचं. खरं सांगायचं तर थंडीत न गेल्याचं पहिल्यांदाच बरं वाटलं. बाई म्हणत होत्या, वळीव झालाय म्हणजे कदाचित काजवेही असतील. करवंदं मात्र संपत आली असतील.

आज शुक्रवार. सासूबाईंच्या डोळ्यावर काळा चष्मा आहे आणि त्या एखाद्या खलनायकासारख्या पलंगावर बसून सूचना देतायत. फ्रिजवर थेंबांचं वेळापत्रक, मोटरवर पाण्याची दोन पानं. पाठपिशवीत शेंगाची चटणी, कडक भाकरी, दोन धपाटे, टोपी. वरच्या फळीवर अनारशांचा डबा होता. जावयाच्या वाणाला तेहेतीस लागतात, म्हणून परवाच्या आठवड्यात सासूबाईंनी समोर बसून तळून घेतले होते. मोतीबिंदूच्या डोळ्यानेही त्यांना तुपात सोडलेला अनारसा हसणार हे माझ्या आधी दिसायचं. "हसला बघ," म्हणायच्या, आणि तो खरंच जाळी सुटून विखरायचा. हसलेले वाणात देत नाहीत. ते बाजूला काढून ठेवले होते, कुणी हात लावला नव्हता.

"ते घेऊन जा," काळ्या चष्म्याआडून आवाज आला. "डोंगरात कोण बघतंय?"

मोजून डब्यात भरले. अकरा निघाले.