आईचा बटणांचा फोन

मागच्या दिवाळीत आम्ही सांगलीच्या घरी आईसाठी दोन नव्या वस्तू आणल्या, एक टच स्क्रीनचा फोन आणि दुसरी इंडक्शनची शेगडी. तिला अल्झायमर असल्याचे निदान होऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते, आणि गॅस उघडा राहण्याची भीती नको, फोनवर नातवंडांचे चेहरे दिसावेत, एवढाच आमचा हेतू होता. पंधरा दिवसांत तिने मला फोन करणे सोडले. तिचे चहाचे ॲल्युमिनियमचे पातेले इंडक्शनवर तापत नसे. ती बराच वेळ त्याच्यासमोर उभी राही आणि मग काही न बोलता बाहेर येऊन बसे. आदल्या महिन्यापर्यंत घरातल्या सर्वांचा चहा तीच करत होती.

हरिपूरला राहणाऱ्या माझ्या मावशीचे वय 81 आहे आणि तिची स्मरणशक्ती शाबूत आहे. पावसाळ्यात कोयनेतून किती पाणी सोडले आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 45 फुटांच्या धोक्याच्या खुणेपासून किती खाली आहे, हे ती व्हॉट्सॲपवर पाहून आम्हालाच कळवते. तरीही ओटीपी वाचून परत येईपर्यंत बँकेचे पान बंद झालेले असते, आणि कोरड्या पडलेल्या बोटाचा स्पर्श पडद्याला कळत नाही. मात्र आपण कुठे अडलो हे तिला समजते. ती वहीत पायऱ्या लिहून ठेवते किंवा शेजारच्या मुलाला हाक मारते. आईला नेमके तेच जमत नाही, कारण आपण कोणत्या पायरीवर आहोत हेच तिच्या हातून निसटते.

स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेत लुईस नीगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती उपकरणांपासून फोनपर्यंतच्या रोजच्या वस्तू वृद्धांना कितपत अवघड वाटतात, हे विचारणारी एक प्रश्नावली तयार केली आहे. अल्झायमरसारख्या आजारांत होणारा स्मृतिभ्रंश असलेल्यांना तो नसलेल्या वृद्धांपेक्षा सरासरीने अधिक अडचण येते, पण दोन्ही गटांतील माणसे एकमेकांत बरीच मिसळलेली असतात, असे अशा अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून नवे ॲप शिकता येत नाही एवढ्यावरून कोणालाही आजारी ठरवू नये. वर्षानुवर्षे सहज जमणारी गोष्ट जमेनाशी झाली, तर मात्र थांबून पाहावे. बारा वर्षे वापरलेल्या वॉशिंग मशीनपुढे उभे राहून "कुठलं बटण दाबू गं?" असे आईने मला विचारले, तेव्हा मी ते वयावर घातले आणि डॉक्टरांकडे जाण्यात एक वर्ष गमावले, त्याचे दुःख मला आजही आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्यांतल्या कितीतरी घरांत हेच घडत असेल.

अल्झायमरमध्ये नव्या घटना साठवणारा मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो. हाताला बसलेली सवय मेंदूच्या दुसऱ्या भागांच्या आधाराने चालते आणि ती पुष्कळदा अधिक काळ टिकते. आम्ही नेमकी तिची टिकलेली गोष्ट काढून घेतली आणि तिला न शिकता येणारी गोष्ट हाती दिली. फोनमध्ये तर अपडेट आले की चिन्हांच्या जागाही बदलतात. मावशी त्यावर चिडते आणि पुन्हा शिकते, आई गप्प होते.

संक्रांतीच्या सुमारास आम्ही जुनी शेगडी परत मांडली. आता दिवसभर सांभाळायला येणाऱ्या ताई जवळ असतानाच ती पेटते, एरवी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद असतो. इंडक्शन मी माझ्या घरी आणले. जुना बटणांचा फोनही कपाटातून काढला. त्यात 2 चे बटण दाबून धरले की माझा नंबर लागतो आणि त्या बटणावर मी लाल टिकली चिकटवली आहे, जी तिला कदाचित लागतही नसेल, कारण तिचा अंगठा न बघता तिथेच जातो. काल दुपारी तिचा फोन आला. काय सांगायचे होते ते तिला आठवेना, म्हणून मी विचारले, "आई, चहा झाला का गं तुझा?" ती म्हणाली, "आत्ताच आधण ठेवलंय."