आमच्या जंगलात कुणीही शिरतं

दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलंड भागात आमच्या घरामागचं जंगल कागदोपत्री आमच्या नावावर आहे. तरी ऑगस्ट आला की रस्त्याकडेला गाड्या लागतात, माणसं बादल्या घेऊन उतरतात, रानटी ब्लूबेरी भरून घेतात, मला बघून हात करतात आणि निघून जातात. विचारत कुणी नाही, कारण तो त्यांचा हक्कच आहे. पहिल्या वर्षी माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्याची पोर. बांध हातभर सरकला म्हणून दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी घरं मी बघितलीत.

या हक्काला स्वीडनमध्ये अल्लेमान्सरेत्तेन म्हणतात. रीत जुनीच, १९९४ साली ती राज्यघटनेत लिहिली गेली. रानात आपोआप उगवलेली फळं, अळंबी, फुलं कुणीही तोडावीत, जमीन कुणाचीही असो. मात्र कुणाच्या अंगणात शिरायचं नाही, लावलेल्या पिकाला हात लावायचा नाही, फांदी मोडायची नाही, बर्च झाडाची साल ओरबाडायची नाही, संरक्षित फुलझाडांना हात लावायचा नाही. त्रास देऊ नका, नासधूस करू नका, एवढं लहान पोरांनाही शिकवलेलं असतं. आणि लोक ते पाळतात. एवढी माणसं येऊन जातात, पण मागं प्लॅस्टिकचा कपटासुद्धा राहत नाही. जे तुम्ही पेरलं नाही, ज्याला पाणी दिलं नाही, त्यावर एकट्यानं मालकी सांगू नये, हे एका देशानं लिहून ठेवलंय. मला ते जितकं आठवतं तितकं जास्त पटतं.

सप्टेंबरात लिंगॉन पिकतं. करवंदापेक्षा लहान, लालभडक, आंबट-तुरट फळ. शेजारच्या आजी ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्याकडं एक पत्र्याचा डबा आहे, पुढं फणीसारखे दात असलेला. तो झुडपातून ओढला की पानं-काड्यांसकट फळं आत येतात. घरी आल्यावर ती तिरक्या फळीवरून घरंगळत सोडायची. फळं खाली जातात, पानं फळीवरच राहतात. निवडलेलं लिंगॉन काचेच्या बरणीत भरायचं, वर उकळून गार केलेलं पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि बरणी तळघरात. साखर नाही, मीठ नाही, तेल नाही. फळातच बेन्झोइक आम्ल असतं, ते बुरशी धरू देत नाही. हिवाळाभर टिकतं. आमच्या घरी लोणच्यावर बोटभर तेल, बरणीला घट्ट दादरा, आणि ओला चमचा घातला की आईचा धपाटा. इथं नुसतं पाणी! मी थक्क झाले.

बाकी मुरवणात मात्र आपला हात कुणी धरणार नाही. काकडी असो, बीट असो, हेरिंग मासा असो, यांचं एकच पाणी: एक भाग १२ टक्क्यांचं व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. सगळं गोड! मी बीटाच्या बरणीत मोहरीची डाळ, मेथी आणि घरून आलेली चटणी घालते. आजींना आता तेच लागतं. शेपू मात्र ते आपल्यापेक्षा जास्त खातात, नव्या बटाट्यांवर तर हवाच. चार गुंठ्यांतले माझे बटाटे आणि गाजरं तळघरात वाळूत पुरून ठेवली की मार्चपर्यंत विकत आणावी लागत नाहीत.

आता जे मनात सलतंय ते. आपल्याकडं हा हक्क कुठल्या कागदावर नव्हता, पण होता. भोगावतीकाठी भांगलणीला आलेल्या बाया संध्याकाळी ओटीत तांदुळजा, पाथरी, घोळ, चिवळ, कुर्डू घेऊन घरी जायच्या. मालकाला विचारायची पद्धत नव्हती, तण निघालं म्हणून उलट त्यालाच बरं वाटायचं. पाथरी तर तिथंच बांधावर, भाकरी-खर्ड्याबरोबर कच्ची खाल्ली जायची. आता गावी गेले की उसाच्या सरीत एक काडी दिसत नाही. २,४-डी आणि मेट्रिब्युझिन या तणनाशकांनी रुंद पानांचं तण मरतं, आणि आपल्या या भाज्या सगळ्या रुंद पानांच्या. वर बांधही फवारतात. राधानगरी, गगनबावड्याकडच्या डोंगरात टाकळा, भारंगी, वारुळावरची अळंबी अजून मिळतात. आमच्या काळ्या रानात ज्याला रानभाजी म्हणावं असं काही उरलं नाही.

म्हणाल, तिकडं बसून बोलायला काय जातंय. माझा भाऊही फवारतो आणि त्याचा हिशोब मला कळतो. भांगलणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. मी परदेशी आले म्हणून घरचं काही अडलं असंही नाही. लग्न होऊन जयसिंगपूरला गेले असते तरी भांगलायला मी नव्हतेच. आणि स्वीडनचंही सगळं सोवळं नाही. १९८६च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातातलं किरणोत्सारी सीझियम त्यांच्या काही जंगलांतल्या अळंब्यांत अजून सापडतं. महाराष्ट्राहून मोठा देश आणि माणसं एक कोटीच्या आसपास, एवढ्या जागेत उदार होणं सोपं जातं. आपल्याकडं गुंठ्या-गुंठ्यावर घर चालतं, आणि तरी त्या बायांची ओटी कुणी कधी तपासली नाही. याचा मला अभिमान आहे, म्हणूनच जास्त लागतं.

गेल्या आठवड्यात भावाला फोनवर म्हटलं, विहिरीकडचा बांध तेवढा फवारायचा सोड, तांदुळजा आणि घोळ बी टाकून आपोआप परत येतील. तो म्हणाला, "सोडतो की. पण शेजारच्या रानातला फवारा वाऱ्यानं आपल्याच बांधावर येतोय, त्याला कोण सांगणार, अक्का?"