भर पावसात बारदेशात घर बघताना

उत्तर गोव्यातल्या बारदेश तालुक्यात घर बघायला निघताना नवऱ्याच्या लॅपटॉपवर भलीमोठी एक्सेल शीट तयार होती: गाव, चौरस मीटरचा दर, रेरा म्हणजे गृहप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, समुद्र किती लांब. परतताना तिच्यातल्या बहुतेक ओळींवर काट बसली होती. शीट वाईट होती असं नाही. घरं नापसंत करायला ती फार उपयोगी पडली, पण पसंत करायला शून्य.

पहिला सल्ला, जुलैत जा. आम्ही कोल्हापूरहून आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी असे उतरलो. घाटात धुकं असतं, उजेडीच उतरा. मुक्काम किनाऱ्यावर नको, म्हापशात करा. शुक्रवारी तिथे बाजार भरतो, गाडी लावायला जागा मिळत नाही. तो दिवस गावं बघायला ठेवा.

हळदोण्याच्या बाजूचा एक फ्लॅट यादीत पहिला होता. फोटोत बाल्कनीसमोर हिरवंगार शेत. ते निघालं खाजन, म्हणजे खाडीलगतची बांध घातलेली सखल जमीन, जिथे भरतीचं पाणी मानशीच्या दारांनी अडवतात. दलालाने कुलूप काढलं, आत जाऊन आधी सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे लावले आणि मग आम्हाला बोलावलं. मला तिथेच शंका आली. बेडरूमची पश्चिमेकडची भिंत तेवढी नव्याने रंगवलेली. कपाट पुढे ओढलं तर मागे फरशीपासून हातभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे, बोट लावलं की गळणारे. खाली रस्त्यावर घोटाभर पाणी. शेजारच्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, "बाय, चवथ मेरेन हांगा उदक सुकना." म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत इथलं पाणी आटतच नाही. हे कुठल्या संकेतस्थळावर सापडणार?

दुसऱ्या एका जागी नकाशावर सरळ रस्ता दिसत होता. प्रत्यक्षात तो कुणाच्या तरी भाटातून, म्हणजे खासगी बागायतीतून जाणारा, मध्ये गंजकं फाटक. वाट कागदोपत्री कुणाची, हे दलालाला सांगता येईना. आम्ही गाडी वळवली.

कागदांचंही तसंच. एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखा गोव्याचा जमिनीचा उतारा, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की घरबसल्या दिसतो. जरूर बघा, त्यात कुळाचं नाव आणि इतर हक्कांचा रकानाही वाचा. पण तो उतारा म्हणजे मालकीचा निखळ पुरावा नव्हे. म्हापशाच्या वकीलबाईंनी आमच्यासमोर एक उतारा उलगडला. त्यावरचे गृहस्थ कधीच वारलेले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला समान नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. म्हणून वारस आणि त्यांचे जोडीदार, सगळ्यांच्या सह्या लागतात. कुणी मुंबईत, कुणी पोर्तुगालात. इन्व्हेंटरी म्हणजे वारसावाटपाचं प्रकरण झालंय का, हे वकिलालाच शोधू द्या. जुने पोर्तुगीज दस्त वाचणारा वकील मिळाला तर उत्तमच. जागेत मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याचं घर असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्या घरात कोण राहतं हे जाऊनच कळतं.

रेराच्या यादीत नाव नाही म्हणजे फसवणूक, असंही समजू नका. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर नोंदणीची सक्तीच नाही, आणि चार-सहा बंगल्यांच्या योजना गावोगावी दिसतात. तिथे तुमची भिस्त सनद (जमिनीच्या बिगरशेती वापराची परवानगी), बांधकाम परवाना आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेटवर. जमीन वसाहत क्षेत्रात, म्हणजे घरं बांधायच्या पट्ट्यात आहे एवढ्यावर थांबू नका. ती आधीपासून तशी होती की नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली बदलून घेतली, हेही विचारा. त्या बदलांचा वाद कोर्टात गेलेला आहे.

पाण्याचं विचाराल तर बिल्डर नळजोडणीचा कागद दाखवतो. आम्ही वॉचमनला विचारलं, टँकर कधीपासून येतो? तो बिचारा खरं बोलला: मार्चपासून.

संध्याकाळी साडेसातनंतर इमारतीसमोर उभं राहून दिवे मोजा. पर्वरीतल्या एका देखण्या सोसायटीत अख्ख्या मजल्यावर एकच खिडकी उजळलेली होती. बाकीचे मालक दिल्ली-मुंबईचे, फ्लॅट पर्यटकांना भाड्याने. अशा ठिकाणी लिफ्ट बंद पडली तर बैठकीला येणार कोण? आम्हाला उतारवयात राहायचं आहे, गुंतवणूक करायची नाही. ज्यांना करायची आहे त्यांना हीच सोसायटी आवडेलही.

"विमानतळ जवळ" असं लिहिलं असेल तर मोपा की दाबोळी, ते विचारा. आणि सकाळी नऊला म्हापशाहून पर्वरीमार्गे पणजीला स्वतः गाडी हाकून बघा. नकाशावरचे किलोमीटर तिथे कामाचे नाहीत.

शेवटी बारदेशाशेजारच्या डिचोलीतला एक जुना फ्लॅट मनात भरला आहे. बस थांबा पायी अंतरावर, भिंती कोरड्या, शेजारी बारमाही राहणारे. खनिजाचे ट्रक त्या रस्त्याने जातात का, ते पावसाळ्यात कळत नाही. म्हणून खाणींचा हंगाम सुरू झाला की पुन्हा जाणार आहोत. तोवर वकीलबाईंचा टायटल रिपोर्टही हातात येईल.