पद्मिनी घाटात का बंद पडायची

जुन्या गाडीचं निदान आपल्याकडे कानाने होतं. बॉनेट उघडायचं, सेल्फ मारायला सांगायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. माझ्या पद्मिनीला मिळालेला निकाल होता, "ताई, हाफ इंजिन करावं लागेल." म्हणजे इंजिन उघडून पिस्टन, रिंगा, बेअरिंगं सगळं नवं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजलंत का, असं विचारलं तर उत्तर आलं, "मोजायचं काय त्यात, आवाजावरून कळतं." मी गाडी घरी आणली.

गाडी १९८७ ची प्रीमियर पद्मिनी, मामेसासऱ्यांची. वाईला वाड्याच्या पडवीत वर्षानुवर्षं उभी होती, वर कोंबड्या बसायच्या. "न्यायची तर न्या, नाहीतर भंगारवाला दोनदा येऊन गेलाय," असं मामंजी म्हणाले आणि आम्ही ती साताऱ्याला ट्रकमध्ये घालून आणली. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे मल्टिमीटर हातातला. इंजिन मात्र नवीन. त्या बाजूला शेजारचे काका होते, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांचं सगळं आयुष्य डिझेलमध्ये गेलं, पेट्रोलच्या गाडीला ते "नाजूक प्रकरण" म्हणतात.

ही गाडी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. आधी नाव फियाटच होतं, पद्मिनी सत्तरच्या दशकात झाली. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. आजची छोटी हॅचबॅकही याच्या दीडपटीहून जास्त ताकद काढते. पण कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, आणि बॉनेटखाली एवढी मोकळी जागा की हात घालून प्रत्येक वस्तूला स्पर्श करता येतो. घरी शिकायला याहून सोयीची गाडी नाही.

पहिलं काम होतं सेल्फ न मारण्याचं. इतकी वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल उतरून गेलेलं असतं, रिंगा चिकटलेल्या असू शकतात. तशात बॅटरी लावून चावी फिरवली तर वाचलेलंही जायचं. चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडं थोडं ऑइल सोडलं आणि तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी चौथा गिअर टाकून गाडी हाताने ढकलली. प्लग काढलेले असले की कॉम्प्रेशन आड येत नाही. आधी हलेना, मग एकदम सुटली, पंख्याची पुली फिरली आणि प्लगच्या भोकातून उडालेलं काळं तेल वाकून बघणाऱ्या काकांच्या पांढऱ्या लेंग्यावर. काकूंनी तो लेंगा नंतर गाडी पुसायलाच दिला.

डिपस्टिकवर दुधट फेस नव्हता, म्हणजे तेलात पाणी गेलेलं नव्हतं. टाकीची अवस्था मात्र वाईट. आत गंजाचे पापुद्रे, जुन्या पेट्रोलला वॉर्निशचा वास. टाकी उतरवून रेडिएटरवाल्याकडून धुऊन घेतली. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा सरसकट बदलला, कारण आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मानवत नाही, शिवाय हवेतलं पाणीही ओढतं. नळी घेताना "ई-२० ला चालेल अशी द्या" असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर हातात कूलरची नळी पडते. मध्ये पारदर्शक फिल्टर बसवला. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

गाडी चालू झाली, पण मिसिंग करत होती, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नव्हता. याच मिसिंगवर ते हाफ इंजिनचं निदान झालं होतं.

कॉम्प्रेशन गेज ही ऑनलाइन स्वस्तात मिळणारी वस्तू आहे आणि जुनी गाडी घेणाऱ्याने सीट कव्हरच्या आधी ती घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, कॉइलची (प्लगसाठी जास्त व्होल्टेज बनवते ती) मधली वायर सोडवून ठेवायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि एकेका भोकात गेज बसवून सेल्फ मारायचा. मला मिळालेले आकडे, पीएसआयमध्ये: १२५, १२२, ८०, १२०. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे सगळेच आकडे मुंबईपेक्षा थोडे कमी येणार. प्रश्न तिसऱ्याचा होता. रिंगा म्हाताऱ्या झाल्या असत्या तर चारही कमी-जास्त बसले असते. शेजारशेजारचे दोन पडले असते तर हेड गॅस्केटवर संशय. इथे एकटाच पडलेला.

मग तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. ऑइल रिंगांच्या फटी काही वेळ बुजवतं, म्हणून रिंगा खराब असतील तर आकडा चांगला वर चढतो. इथे ८० चे ८४ झाले. म्हणजे हवा खालून जात नव्हती, वरून, व्हॉल्व्हमधून जात होती.

टॅपेट कव्हर काढलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टॅपेटखाली, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरच्या मधल्या फटीत, फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पत्र्यांच्या जुडग्याचं) सगळ्यात पातळ पानही शिरेना. गॅपच नाही, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही आणि जळका वायू सतत त्याच फटीतून निसटतो. व्हॉल्व्ह सीटमध्ये झिजून आत गेला की असं होतं. जुन्या इंजिनांच्या सीटना पेट्रोलमधल्या शिशाचा आधार असायचा. शिशाचं पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं. हे असंच अजून काही हजार किलोमीटर चाललं असतं तर व्हॉल्व्हची कड जळाली असती आणि मग हेड उतरवण्याला पर्याय नव्हता.

टॅपेट सेट करायची युक्ती काकांनी दाखवली, ती डिझेललाही हीच. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. पिस्टन १ आणि ४ जोडीने वरखाली होतात, २ आणि ३ जोडीने. तिसऱ्याचे टॅपेट सेट करायचे तर दुसऱ्याकडे बघायचं. दुसऱ्याचा एक व्हॉल्व्ह बंद होत आला आणि दुसरा नुकताच उघडायला लागला, दोन्ही रॉकर एकाच वेळी थरथरल्यासारखे हलले, की थांबायचं. त्या क्षणी तिसऱ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. पान असं बसलं पाहिजे की ओढताना किंचित धरेल पण अडणार नाही. काका पान ओढून बघताना डोळे मिटायचे. मला वाटलं लकब असेल, पण डोळे मिटल्यावर खरंच बोटांना जास्त कळतं. दोन-तीनदा चालवून पुन्हा मोजलं तेव्हा तिसरा ११२ वर आला होता. मिसिंग गेलं. हाफ इंजिन राहिलं ते राहिलंच.

टिनकाम आणि रंगाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पैसे गेले, पावसाळा गेला. फ्लोअर दोन ठिकाणी कापून नवा पत्रा वेल्ड केला आणि दारांच्या तळातली पाणी जायची भोकं मोकळी केली. ती बुजलेली असतात म्हणूनच पद्मिनीची दारं खालून कुजतात. सुटे भाग अजून मिळतात, ही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची कृपा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, त्यामुळे दुकानदार उरलेला माल काढून टाकतायत. ज्यांना पुढे लागणार आहे त्यांनी आत्ताच घेऊन ठेवावं.

मग घाट. गावात गाडी छान. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की अर्ध्यात एक आचका, दुसरा आचका, बंद. अर्धा तास उभी केली की जणू काही झालंच नव्हतं अशी चालू. गाडीभोवती जमणाऱ्या प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. कॉइल बदला. पंप बदला. एअर पकडतेय. वेपर लॉक आहे, म्हणजे उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ अडलीय, पंपावर ओलं फडकं टाका. यातलं प्रत्येक खरं असू शकतं, आणि तिथेच अडचण आहे. एकेक पार्ट बदलत गेलं की शेवटी गाडी बरी होते, पण कशाने झाली ते कळत नाही आणि बिल मात्र सगळ्यांचं येतं.

इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल, करंट आणि कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशन मोजलेलं होतं. राहिल्या दोन, आणि कोणती नाहीये हे बघायची वेळ एकच, गाडी बंद पडलेली असतानाची. गार झाल्यावर सगळंच ठीक दिसतं. म्हणून डिकीत एक पिशवी तयार ठेवली: जादा प्लग, मल्टिमीटर, पेचकस, एक प्लास्टिकची बाटली. आणि मुद्दाम घाटात गेले.

बंद पडल्याबरोबर बॉनेट वर. फिल्टरमध्ये पेट्रोल दिसत होतं. तरी कॉइलची मधली वायर काढून तिचं टोक ब्लॉकला घट्ट टेकवून ठेवलं (पेट्रोल उघडं असताना ठिणगी नको), कार्बोरेटरकडे जाणारी नळी बाटलीत धरली आणि लेकीला सेल्फ मारायला सांगितलं. भरपूर पिचकाऱ्या. पंप, टाकी, वेपर लॉक सगळे सुटले. नळी परत लावली, सांडलेलं पुसून उडून जाऊ दिलं, मग कॉइलच्या वायरला जादा प्लग लावून तो ब्लॉकला टेकवला. घरी हीच ठिणगी निळी आणि चटचट आवाज करणारी होती. आता पिवळट, बारीक, मध्येच गायब.

म्हणजे करंट. पण करंट कुठे अडतोय? कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला बारा व्होल्ट येत होते, तेव्हा चावी आणि वायरिंग निर्दोष. कॉइलचा रेझिस्टन्स गार असतानाच्या तुलनेत थोडाच वाढलेला. तांब्याच्या तारेचा गरम झाल्यावर तेवढा वाढतोच. मग डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटतो तो) कॅप काढून चावी चालू ठेवली आणि आतले पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क, पेचकसाने उघडले. पॉइंटमध्येच जाडजूड पिवळी ठिणगी. पॉइंट तसे नवेच, पण एका बाजूला टेकाड आणि समोर खड्डा पडायला लागलेला. दोन्ही खुणा कंडेन्सरकडे बोट दाखवत होत्या.

कंडेन्सरचं काम असं की पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला करंट झटक्यात तुटावा. तो नीट असेल तर पॉइंटवर ठिणगी जवळजवळ पडत नाही आणि सगळा जोर प्लगला जातो. तो गळका झाला की जोर पॉइंटवरच जळून जातो. मजा म्हणजे कंडेन्सर मी सर्व्हिसिंगच्या वेळी नवा कोरा टाकलेला होता. म्हणूनच संशयितांच्या यादीत त्याचं नाव कुणीच घेत नव्हतं.

घरी आणून ओट्यावर ठेवला. कपॅसिटन्स ०.२२ मायक्रोफॅरड, अगदी हवा तेवढा. रेझिस्टन्स ओपन, म्हणजे आतून करंट गळत नाही. कागदावर पास. मग लेकीचा हेअर ड्रायर त्याच्यावर धरला आणि मीटरकडे बघत बसले. काही मिनिटं काही नाही. पत्र्याला बोट लावणं अशक्य झालं तेव्हा मीटरवर एकदम आकडे उमटले आणि घसरत घसरत काही हजार ओहमवर आले. ड्रायर बंद केला, डबी गार झाली, पुन्हा ओपन. घाटातला अर्धा तास ओट्यावर दहा मिनिटांत बघायला मिळाला. सासूबाई मागून म्हणाल्या, "एवढुशा डबीसाठी एवढं?" डबी अंगठ्याएवढीच असते.

मग दुकानातून तीन वेगवेगळे कंडेन्सर आणले आणि तिघांनाही ड्रायरखाली घातलं. एक नापास. मामंजींच्या गाडीतून काढलेला मूळचा, गंजलेला कंडेन्सर सुदैवाने डब्यात पडला होता. तो पास झाला. सध्या नव्यांपैकी एक बसवलाय, पण डिस्ट्रिब्युटरला चिकटून नाही, थोडी वायर वाढवून कॉइलच्या पट्टीवर, जिथे इंजिनाची धग कमी लागते. जुना ग्लोव्ह बॉक्समध्ये. काकांना हे पटलेलं नाही, "कंपनीने जागा ठरवलीय ती उगाच का?" असं त्यांचं म्हणणं. विजेच्या दृष्टीने तो त्याच वायरवर आहे, फक्त दुसऱ्या टोकाशी, एवढं मी सांगते आणि विषय बदलते. त्यानंतर कासपर्यंत न थांबता गेलोय, भर उन्हातही.

आरटीओचं थोडक्यात सांगते. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, फॉर्म २५ भरून. त्याची फी १ एप्रिल २०२२ ला सहाशेवरून पाच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी दहा हजार. मुदत संपून गेली असेल तर दरमहा पाचशे रुपये वेगळे, शिवाय ग्रीन टॅक्स. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचा हिशोब टिनकामाच्या आधी करावा. विंटेजची वेगळी नोंदणी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांनाच मिळते, तेव्हा ऐंशीच्या दशकातल्या पद्मिनीवाल्यांनी त्या आशेवर राहू नये. पीयूसीला गाडी पहिल्याच फेरीत पास झाली. तिथला मुलगा आकडा दोनदा बघून म्हणाला, "टॅपेट कुणी केले?" काका शेजारीच उभे होते, परत येताना त्यांनी चहा पाजला.

सध्या दुसऱ्या गिअरला खरखर आहे. काका म्हणतात सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारी कडी) गेला, गिअरबॉक्स उतरवू. मला स्टिअरिंग कॉलमवरून खाली जाणाऱ्या लिंकेजच्या बुशांवर संशय आहे. या रविवारी आधी बुश बघणार, ते काही न उतरवता दिसतात.