प्रिंटलाइनमधलं नाव

६ जानेवारी, रात्री उशिरा

आज पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घातला, दोन भाषणं झाली, पेढे वाटले आणि चारच्या मीटिंगला जो तो आपापल्या खुर्चीत परतला. १८३२ साली याच तारखेला 'दर्पण'चा पहिला अंक निघाला, तेव्हा बाळशास्त्री जेमतेम विशीतले होते. आमच्याकडे त्या वयाच्या पोराला आम्ही सिनेमाच्या वेळापत्रकाचं प्रूफ वाचायला बसवतो.

मुद्दाम लिहायला बसलो, कारण उद्याच्या अंकापासून प्रिंटलाइनमध्ये संपादक म्हणून माझं नाव आहे. शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या टायपात, मालक-मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीला चिकटून. वाचक ती ओळ कधी वाचत नाही. वाचतात ते नोटीस पाठवणारे वकील. १८६७ चा तो जुना प्रेस कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा लागू झाला, पण अंकात काय जातं याचा जाब संपादकालाच द्यायचा, यात काही फरक पडलेला नाही.

बातमीदार होतो तेव्हा बायलाइनसाठी भांडायचो. पान तीनवर तळाला का होईना, पण नाव पाहिजे. मग डेस्कवर, म्हणजे इतरांच्या बातम्या तपासून पानं लावायच्या कामावर आलो आणि नाव गेलं ते गेलंच. डेस्कवरच्या माणसाने अडखळती कॉपी सरळ केली, चार परिच्छेद खाली पुरलेली खरी बातमी इंट्रोत आणली, नेमका मथळा दिला, तरी सकाळी फोन येतात बातमीदाराला. वेलांटी चुकली तर मात्र 'डेस्क झोपला होता का?' तरीही मला विचाराल तर पेपर खरा शिकायचा तो तिथेच, रात्रपाळीत. दहा वाजता पाव पानाची जाहिरात येऊन पडते आणि लावलेलं पान मोडावं लागतं, तेव्हा कुठली बातमी कापायची हे ज्याला झटकन कळतं, तो पुढेमागे संपादक होऊ शकतो. गोविंद तळवलकर १९६८ पासून १९९६ पर्यंत 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक होते. आता एवढा काळ एका खुर्चीत कोण कुणाला बसू देतो?

आजच्या भाषणात अपेक्षेप्रमाणे टिळक आले. १९०८, 'केसरी'तले अग्रलेख, राजद्रोहाचा खटला, सहा वर्षांची शिक्षा. ऐकायला बरं वाटतं. पण संपादकाच्या रोजच्या कामाला १९०८ पेक्षा १८८२ जवळचं आहे आणि त्याबद्दल व्यासपीठावरून कुणी बोलत नाही. तेव्हा 'केसरी' वर्षा-दीड वर्षाचा होता, आगरकर त्याचे संपादक, टिळक 'मराठा' बघत. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्धची पत्रं हाती आली, त्यांच्या भरवशावर मजकूर छापला गेला आणि पत्रं बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातून ते १०१ दिवसांनी सुटले. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. कागद खोटे होते, एवढंच.

आज रात्री नेमका तसाच प्रसंग आला. तालुक्याच्या वार्ताहराने खरेदीतल्या घोटाळ्याची बातमी पाठवली, सोबत व्हॉट्सॲपवर आलेले कागदांचे फोटो. लेटरहेड, गोल शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. कॉपीही झकास. पान एकची जागा धरून ठेवलेली. मी फोटो मोठा करून बघितला, तर जावक क्रमांकाच्या एका आकड्यावर दुसरा आकडा गिरवलेला. तारीख कॅलेंडरशी ताडली, रविवार निघाला.

"मूळ कागद पाहिलास का?"

"सर, सोर्स एकदम पक्का आहे."

"सोर्स असेल रे पक्का. कागदाचं काय?"

त्यावर तो गप्प. कॉपीच्या शेवटी 'संबंधित अधिकाऱ्यांशी संपर्क होऊ शकला नाही' असं लिहिलेलं. किती वेळा फोन केलास विचारलं, तर एकदा, तोही साडेनऊनंतर. या एका वाक्याच्या आडोशाने आमच्या धंद्यात जेवढा आळस खपतो, तेवढा दुसऱ्या कशाच्याही खपत नसेल.

बातमी थांबवली. रविवारी कुणी साहेब कचेरीत बसून सही करणारच नाही असं नाही, आणि गिरवलेला आकडा म्हणजे कारकुनाचा हलगर्जीपणाही असू शकतो. बातमी कदाचित शंभर टक्के खरी असेल. पोरगा भयंकर चिडलाय. "उद्या दुसऱ्या पेपरने लावली तर, सर?" लावू दे. मीटिंगमध्ये बोलणी मी खाईन. त्या जागेवर पाणीपुरवठ्याची बातमी उचलून टाकली, शहर आवृत्तीचं पान पंचवीस मिनिटं उशिरा सुटलं, त्यावरून छपाईवाल्यांची कुरकुर वेगळी.

सकाळी अकराला त्याला जावक रजिस्टर बघायला पाठवतोय. अधिकाऱ्याला फोन मीच करणार आहे.