तीन चुकांना एक चिंचोका

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे मुख्याध्यापकांचे पत्र माझ्या लष्करी युनिटच्या पत्त्यावर आले, तेव्हा शाळेविषयी पुष्कळ लिहिता येईल असे वाटले होते. प्रत्यक्षात कागद पुढे ओढल्यावर स्नेहसंमेलने, सहली, कबड्डीचे मैदान हे सारे मागे सरकले आणि समोर उरले ते गणिताचे सर आणि रविवारची प्रयोगशाळा. इतर गुरुजनांनी राग मानू नये.

२०१० साली दहावी झाल्यावर मी आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला प्रवेश घेतला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जायचे हे मनाशी ठरले होते. मात्र त्यासाठी दम आणि दंडबैठका पुरतात, अशी माझी भाबडी समजूत होती. पहाटे रस्त्यावर धावताना एकदा दुधाची किटली घेऊन परतणारे सर भेटले. "धावतोस ते उत्तम, पण तिथे दारात आधी यूपीएससीचा पेपर उभा आहे, तो धावणाऱ्याला ओळखत नाही," एवढेच बोलून ते निघून गेले. पुढच्या रविवारी त्यांनी प्रयोगशाळा उघडली, ती पुढची दोन वर्षे दर रविवारी उघडी राहिली. त्याचे शुल्क त्यांनी कधी घेतले नाही आणि विषयही काढू दिला नाही.

सरांचा सैन्याशी संबंध नव्हता. त्यांनी जुन्या प्रश्नपत्रिका मिळवल्या आणि स्वतः सोडवल्या. गणिताचे १२० प्रश्न, ३०० गुण, अडीच तास. सामान्य क्षमता चाचणीचे १५० प्रश्न, ६०० गुण, पुन्हा अडीच तास. म्हणजे गणितात एका प्रश्नाला सव्वा मिनिट, आणि हाती गणकयंत्र नाही. पेपर इंग्रजी आणि हिंदीत छापलेला असे. आम्ही मराठी माध्यमाचे. त्यावर सरांनी उपाय काढला तो तीन रकान्यांच्या वहीचा. मूळ संख्या, प्राइम नंबर, अभाज्य संख्या. छेद, डिनॉमिनेटर, हर. संभाव्यता, प्रॉबॅबिलिटी, प्रायिकता. आपला 'मध्य' हिंदीत 'माध्य' होतो आणि 'मध्यक' होतो 'माध्यिका', तेव्हा घाईत एकाचे उत्तर दुसऱ्याला देण्याची सोय पुरेपूर. वर्तुळाला तिकडे 'वृत्त' म्हणतात हे कळल्यावर आम्ही हसलो होतो, कारण वृत्त म्हटले की आम्हाला भुजंगप्रयाताखेरीज काही आठवत नसे. इंग्रजी वाक्याने गोंधळ उडाला तर खालचे हिंदी वाक्य वाचायचे, आणि दोन्हींनी गोंधळ उडाला तर प्रश्न सोडून द्यायचा, असा नियम होता.

हा 'सोडून देणे' प्रकार मला काही केल्या जमत नसे. अकरावीच्या दिवाळीनंतर पहिला पूर्ण सराव पेपर झाला. मी १२० च्या १२० प्रश्न सोडवून छाती पुढे काढून बसलो. आमच्यात एक मुलगी होती. तिने जेमतेम निम्मा पेपर सोडवला होता. सरांनी लाल पेन्सिलीने पेपर तपासले आणि एक शब्दही न बोलता पिशवीतले चिंचोके प्रयोगशाळेच्या काळ्या ओट्यावर ओतले. माझी साठ उत्तरे बरोबर होती, म्हणून साठ चिंचोके माझ्यापुढे मांडले. मग साठ चुकांचे, तीन चुकांना एक याप्रमाणे, वीस चिंचोके सावकाश, एकेक करून उचलले. उरले चाळीस. तिची पन्नास बरोबर, नऊ चूक. तिचे तीन गेले, सत्तेचाळीस राहिले. एका चिंचोक्याला अडीच गुण. मला १००, तिला एकशे साडेसतरा.

नुसता दंड दाखवून सोडून देणारे ते नव्हते. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले, तर चारांत एकदा एक चिंचोका मिळतो आणि तीनदा मिळून एक जातो, म्हणजे जमा शून्य, हे त्यांनी आमच्याकडूनच मांडून घेतले. "मग याचे एवढे नुकसान का झाले?" असा त्यांचा पुढचा प्रश्न. पेपर काढणारा आपल्या नेहमीच्या चुका ओळखून त्यांचीच उत्तरे पर्यायांत ठेवतो, त्यामुळे अर्धवट माहिती असलेला आंधळ्यापेक्षाही जास्त फसतो, हे उत्तर तिने दिले. एक तरी पर्याय खात्रीने खोडता आला तर अंदाज फायद्याचा, नाहीतर पुढे चालायचे, हा त्या दिवसाचा निष्कर्ष मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.

एप्रिल २०१२ मध्ये मुंबईच्या केंद्रावर गणिताचे एकतीस प्रश्न मी कोरे सोडले आणि उत्तीर्ण झालो. लेखी परीक्षेच्या ९०० गुणांइतकेच गुण पुढे निवड मंडळाच्या मुलाखतीला असतात. त्याची हकिकत निराळी.

वही ट्रंकेत घालून मी खडकवासल्याला गेलो. तेथील तीन वर्षांना, सहा सत्रांना, लोक कवायतीचे शिक्षण समजतात. पण शेवटी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते आणि ती अभ्यासानेच मिळवावी लागते. पहाटेची पीटी, ड्रिल आणि मध्येच वाट्याला आलेला रगडा, म्हणजे शिक्षेची अंगमेहनत, यांनंतर वर्गात अशी झोप येते की कॅडेट स्वतःच उठून मागे भिंतीशी उभा राहतो. विषय जास्त राहिले तर रेलिगेशन, म्हणजे सहा महिने मागे. माझ्या शेजारच्या केबिनमधल्या कॅडेटचे सारे शिक्षण इंग्रजीत झाले होते, आणि पहिल्या सत्रात रात्रीच्या अभ्यासाच्या तासाला माझी वही पाहून तो हसला होता. विकलन-संकलनाच्या चाचणीच्या आदल्या रात्री मात्र तोच माझ्या खुर्चीमागे उभा होता. डिसेंबर २०१६ मध्ये मी अधिकारी झालो. आज मेजर आहे आणि तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या, लष्करी अधिकाऱ्यांना पुढचे शिक्षण देणाऱ्या स्टाफ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतो आहे. तेथे युद्धेतिहासाची आणि डावपेचांची लांबलचक उत्तरे लिहावी लागतात, कोरे सोडून भागत नाही. सरांची युक्ती तेवढी तिथे चालत नाही.

आता प्रयोगशाळेचे ते काळे ओटे काढून टाकले आहेत, रविवारी फाटकाला कुलूप असते आणि मुले क्लाससाठी तालुक्याला जातात, असे ऐकतो. वाईट वाटते. त्याहून जास्त वाईट त्या मुलीचे वाटते. त्या काळी मुलींना या परीक्षेचा अर्जच भरता येत नसे. "हिला याचा काय उपयोग?" असे कोणीतरी विचारले होते, तेव्हा सर फक्त म्हणाले होते, "पेपर सोडवू दे." सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ मध्ये ते दार उघडले, तोवर तिचे वय निघून गेले होते.

मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून पहिल्या १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्या संध्याकाळी मी सरांना फोन केला. त्यांना हल्ली कमी ऐकू येते, म्हणून सतरा हा आकडा दोनदा सांगावा लागला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी तिचा नंबर मागितला. मी सांगत गेलो आणि पलीकडे ते एकेक आकडा मोठ्याने म्हणत लिहून घेत होते.